गाडीखाली सापडलेलं बोटभर काहीतरी

३ तारीख, मंगळवार

या वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेत. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, मुले किती. सूनबाई शाळेची व्हॅन चालवते, तिला फेऱ्या लिहायला ऑफिसातून वह्या मिळतात, त्यातली ही उरलेली. म्हणाली, आई, दिवसभर भिंतीशी बोलता त्यापेक्षा हिच्यात लिहा. आता मी कुठं निघत नाही आणि कुठं पोचत नाही, आणि मूल म्हणाल तर एकच, तेही नोकरीपायी बाहेरगावी. म्हणून रकाने सोडून आडवं लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर वळणदार आहे असं आमच्या बाई म्हणायच्या. त्या सगळ्यांनाच तसं म्हणायच्या हे मला फार उशिरा कळलं.

वही आठ दिवस कोरीच पडली होती. आज लिहायला कारण झालं. गाडी सुरू होत नाही.

एरवी न झाली तर न झाली. पण पंधरा तारखेला आम्हाला धाकटीकडे जायचंय. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. ती घर आवरून सोळाला लेकीकडे चालली, लांब, विमानानं, कायमची. आईचं पायानं चालवायचं शिवणयंत्र तिच्याकडे आहे, ते ती मला देणार. पंधराला आम्ही नेलं तर नेलं, नाहीतर सोळाला सकाळी भंगारवाला नेणार. त्याला तिनं आत्ताच सांगून ठेवलंय. तिचं सगळं असंच, जेवायच्या आधीच आचवून मोकळी. त्या यंत्रावर आईनं आम्हा दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवले होते आणि उरलेल्या कापडाची बाबांना उशी. फोटोत आम्ही तिघं एकसारखे दिसतो.

तर सकाळी आमचे हे गाडीशी गेले, तिच्या धापा टाकून झाल्या, आणि आत येऊन म्हणाले, गाडी गेली कामातून, बसनं जाऊ. मी म्हटलं, आणि शिवणयंत्र काय मांडीवर घेऊन बसू?  यांनी तीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही, तसं लिहिलेला कागद चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलाय. पण स्वतःच्या गाडीला जरा काही झालं की चेहरा असा करतात जसं घरातलं माणूस आजारी पडलंय.

नंतर तासभर गाडीभोवती गुडघ्यांवर बसून हातांनी जमीन चाचपत होते. मी खिडकीतून विचारलं, काय शोधताय? बटण पडलंय म्हणाले. सदऱ्याची सगळी बटणं जागच्या जागी होती, मी मोजली. पण बटण हरवलं असं पुरुषाच्या मनानं एकदा घेतलं की ते हरवलेलंच असतं, तिथं वाद घालू नये.

४ तारीख, बुधवार

सापडलं. बटण नव्हे, भलतंच काहीतरी. अंगण झाडताना पुढच्या चाकाजवळ, कुंडीच्या बुडाशी. काल हे चाचपत होते तिथून वीतभरही लांब नाही, अगदी समोर. यांना दिसलं कसं नाही कोण जाणे. यांचं असंच, नाकासमोरचं सोडून गावभर शोधतील. परवा चहात साखरेच्या जागी मीठ घातलं, आणि वर मलाच म्हणाले, डबे सारखे का ठेवतेस? एकाला लाल झाकण आहे, एकाला पांढरं.

वस्तू अंगठ्याएवढी, तपकिरी, लाखेसारखी कडक. खालून पोकळ. वर पितळेची पट्टी, ती एका बाजूनं जिभेसारखी बाहेर आलेली. इतकी गोजिरवाणी की फेकवेना. आधी वाटलं घरातलीच कशाची तरी असेल. मिक्सर पाहिला, कुकर पाहिला, शेगडीची बटणं, कपाटांच्या मुठी, खुर्च्यांचे पाय, छत्रीची दांडी. घरातल्या एकेका वस्तूला हात लावून विचारलं म्हणा ना, बाई गं, तुझं काही पडलंय का? सगळ्या धडधाकट.

दुपारी भांडी घासताना एकदम डोक्यात उजेड पडला. गाडीखाली सापडली म्हणजे गाडीतूनच पडली. आणि ती पडली म्हणूनच गाडी सुरू होत नाही. इतकी साधी गोष्ट, पण यांच्या लक्षात आली नाही आणि माझ्या आली. आनंदानं मी पातेलं दोनदा घासलं.

यांना सांगणार नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, गाडीतलं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, ते तुझ्या डोक्याबाहेरचं आहे. आता ही वस्तू काय ते मीच शोधणार, मीच बसवून घेणार, आणि मग म्हणणार, चला, निघायचं ना?

जमिनीवर पडलेली, म्हणून साबणानं घासली, पट्टीला लिंबू लावलं, वर पाच मिनिटं पाण्यात उकळून काढली. आता चमच्यांच्या स्टँडमध्ये निथळते आहे. पट्टी अशी चमकते की कानात घालावी.

५ तारीख, गुरुवार

कोपऱ्यावरच्या खिळे-कुलुपं विकणाऱ्याला दाखवली. त्यानं उलटसुलट करून खात्रीनं सांगितलं की ही खुर्चीच्या पायाची टोपी. मी म्हटलं, खुर्चीला पितळेची जीभ कशाला, ती काय चाखून बघते? त्यानं स्वतःच्याच स्टुलाला घालून दाखवली आणि बसला. स्टूल लगेच एका अंगाला गेलं आणि तो खिळ्यांच्या खोक्यावर. मी वस्तू काढून घेतली आणि न हसता दुकानाबाहेर आले. बाहेर आल्यावर हसले.

संध्याकाळी सूनबाईला स्टँडमध्ये दिसली. आई, ही कुठं मिळाली? मी सगळं सांगितलं, बटणाचंसुद्धा. तिनं ती फिरवून पाहिली, मग यांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. हे आत खिडकीशी वर्तमानपत्र नाकाला लावून बसले होते. हल्ली वाचायला घेतात आणि दोन मिनिटांत बाजूला ठेवतात, सगळं खोटं छापतात म्हणे. सूनबाई म्हणाली, वैद्यांना दाखवा, आणि बाबांना इतक्यात काही विचारू नका.

तिलाही गंमत करायला आवडते हे मला माहीत नव्हतं. एरवी हिचं आणि यांचं गाडीवरून जमत नाही. ही व्हॅन लावायला लागली की हे अंगणात उभे राहून नुसता ब्रेकचा आवाज ऐकून चुका सांगतात. आणि आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मुलगा गाडी शिकला तो दुसऱ्याच्या गाडीवर.

७ तारीख, शनिवार

वैद्य म्हणजे गॅरेजवाला. औषधाशी त्याचा काही संबंध नाही. लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावून रोग सांगतो म्हणून सगळे वैद्य म्हणतात. पोट मोठं, मिशी मोठी, आवाज मात्र एवढासा.

मी रुमालातून वस्तू काढली. त्यानं बघितली, वास घेतला आणि म्हणाला, काकू, हिला लिंबाचा वास येतोय. मी म्हटलं, उकळली पण आहे. तो बराच वेळ गाडीमागे जाऊन खोकला.

मग सांगितलं. हिला रोटर म्हणतात. इंजिनात एक काळी टोपी असते, तिच्यातून चार जाड वायरी निघतात, त्या टोपीखाली ही गरागरा फिरते आणि पाळीपाळीनं चारही वायरींना ठिणगी वाटते. वाढपीच म्हणा, पंगतीत कुणाला उपाशी ठेवत नाही. ही नसली की इंजिन नुसतं धापा टाकतं. मला इतका आनंद झाला. एवढ्याशा जिवाकडे केवढं काम. आणि आम्ही हिला खुर्चीची टोपी म्हणालो.

पण वैद्य पुढं म्हणाला की ही पडत नसते. टोपीला दोन क्लिपा असतात, त्या काढल्या, टोपी उचलली आणि हिला वर ओढली, तरच बाहेर येते. पडायला ती काय मोकळी आहे? मी म्हटलं, अहो, जुनी गाडी, काय काय पडत नाही. शेजारच्या आजोबांचा दात गप्पा मारता मारता पडला. तो म्हणाला, दाताला क्लिपा नसतात, काकू. पूर्वी लोक चोरानं गाडी नेऊ नये म्हणून ही काढून खिशात ठेवायचे. तुमच्या घरी हे माहीत असलेलं कोण कोण आहे?

मी म्हटलं, आमचे हे, त्यांना गाडीतलं सगळं माहीत असतं. तो हं म्हणाला आणि दांडकं पुसत बसला. मग विचारलं, काका बरे आहेत ना, चार महिन्यांत इकडे फिरकले नाहीत. ठणठणीत, मी सांगितलं. हल्ली पायी चालायचं खूळ घेतलंय, बाजारात पायी, पोस्टात पायी, गाडी म्हणून काढत नाहीत, तब्येतीला चांगलं म्हणतात.

येताना वाटेत माझ्या ध्यानात आलं. चोर. चोर आला असणार, त्यानं ही काढली असणार, आणि कुणाची तरी चाहूल लागल्यावर टाकून पळाला. अर्धवट चोर होता, पण चोरच. घरी आल्या आल्या फाटकाला दुसरं कुलूप लावलं.

बसवायला वैद्य स्वतः येतो म्हणाला होता. मी नको म्हटलं. मला शिकवा. त्यानं दुकानातल्या एका गाडीवर तीनदा करून घेतलं. दोन क्लिपा, टोपी वर, आतल्या दांडीला एक खाच आहे, रोटरच्या पोटात तिच्या जोडीचा उंचवटा, तो तिथंच बसतो, दुसरीकडे बसतच नाही. दाबायचं, टोपी ठेवायची, क्लिपा लावायच्या. सुईत दोरा ओवण्यापेक्षा सोपं आहे. आणि म्हणे डोक्याबाहेरचं.

९ तारीख, सोमवार

बसवली. माझ्या या हातांनी.

दुपारी हे झोपल्यावर मी गाडीशी गेले. बॉनेट उघडायची कळ आत चालकाच्या पायाशी आहे हे वैद्यानं सांगितलं होतं, तरी ती शोधताना मी आधी वायपर चालू केले. मग बॉनेटला टेकू द्यायची सळई सापडेना, ती माझ्या हाताखालीच होती. एवढं झाल्यावर टोपी लगेच ओळखू आली, चार वायरी फुटलेली, कोळ्यासारखी. क्लिपा, टोपी, खाच. रोटर खाली बसली तेव्हा अंगठ्याला कट्ट असं जाणवलं. तान्ह्या बाळाला पहिला दात आला की बोटाला लागतो तसं.

किल्ली यांच्या सदऱ्याच्या खिशातून आणलीच होती. गिअरची दांडी मधोमध सैल हलते का ते बघितलं, आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू. पहिल्या फटक्याला. मी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसले होते, जशी काही उडणारच आहे.

आवाजानं हे धावत बाहेर आले, एकाच पायात चप्पल. मी खिडकीतून म्हटलं, चला, निघायचं ना? इतके दिवस घोकून ठेवलेलं वाक्य. हे आनंदानं पांढरे पडले.  मग विचारलं, ती कुठं मिळाली तुला? मी म्हटलं, कुंडीपाशी, चोरानं टाकली होती. हे पायरीवर बसले. मी चोराचं सगळं समजावून सांगितलं, कुलूप का लावलं तेही. हे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, छान बसवलीस.

सत्तेचाळीस वर्षांत गाडीबाबत छान असं मला पहिल्यांदा म्हणाले. ज्या पानावर हे लिहिते आहे त्याच्या कोपऱ्यात मी फूल काढलंय.

१२ तारीख, गुरुवार

एकाचं झालं की दुसऱ्याचं. मंगळवारी हे म्हणाले मागच्या चाकात हवा कमी आहे. सूनबाईच्या पंपानं मी भरली, आधीही भरलेलीच होती. काल म्हणाले बॅटरीचा भरवसा नाही. मी वैद्याला विचारून आले, तो म्हणाला नवी आहे, गेल्याच वर्षी घातली. आज म्हणाले पंधराला पाऊस येईल. मी आभाळाकडे बोट दाखवलं. तिथं कापसाएवढा ढग नव्हता. हे तिकडे बघून म्हणाले, तुला काय कळतंय.

माझ्या मनात आलं ते लिहूनच टाकते. यांना मला धाकटीकडे न्यायचंच नसेल. शिवणयंत्राची अडगळ नको असेल घरात. तसं असेल तर सरळ म्हणावं. धाकटीचा फोन आला, ताई, भावजींना सांग सकाळी लवकर निघा, इथे बसायला खुर्चीसुद्धा उरणार नाही. मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही. रागच आला होता.

भाजीत मुद्दाम मीठ कमी घातलं. त्यांनी निमूटपणे खाल्ली, उलट चांगली झाली म्हणाले. आता यावर माणसानं काय करावं?

१४ तारीख, शनिवार

आज सकाळी मी म्हटलं, उद्या जायचं तर आधी एक चक्कर मारून बघू, कोपऱ्यापर्यंत. हे नाही म्हणाले नाहीत. केस विंचरले, इस्त्रीचा सदरा घातला. मी शेजारी बसले. सूनबाई सकाळच्या फेरीला गेलेली, फाटक मीच दोन्ही बाजूंना सताड उघडून ठेवलं होतं. आमचं फाटक उगवतीला आहे, सात वाजता सूर्य बरोबर मधे येतो.

यांनी गाडी सुरू केली. आणि बसून राहिले. हात स्टिअरिंगवर, इंजिन चालू. मला वाटलं गरम होऊ देतायत. बराच वेळ गेला. मग हळूच विचारलं, फाटक उघडलंस ना?

फाटक आमच्या समोर पंधरा पावलांवर होतं.

मी म्हटलं, उघडलंय की. हे म्हणाले, "मला फाटक दिसत नाही. तिथं नुसता उजेड दिसतो. चार महिने झाले."

आधी मला काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. मीठ, वर्तमानपत्र, पायी चालणं, ढग. बटण. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "चोर तुम्हीच का?"

हे हसले. रडलेही असतील, मी तिकडे पाहिलं नाही. सगळं सांगितलं मग, इंजिन बंद करून. कुणाला तरी धडकायची भीती. तीस वर्षांचा तो चौकटीतला कागद. शिवाय थोरल्या दिरांचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, त्या काळात, ती भीती. गाडीच बंद पडली तर कुणी काही विचारणार नाही, असा हिशेब. रोटर खिशात टाकायला गेले तर खिसा समजून खिशाच्या बाहेरच सोडली, आणि मग सापडेना. शिवणयंत्र आलं तर त्यांना हवंच होतं म्हणाले, तिथं पोचायचं कसं हेच कळत नव्हतं.

आणि मी काय केलं? वैद्याकडे जाऊन शिकून आले, हवा भरली, बॅटरीची चौकशी केली. माणूस खड्ड्यातून वर यायला बघतोय आणि मी वरून माती लोटतेय, तीसुद्धा गाणं म्हणत.

आम्ही दोघं गाडीतच बसलो होतो. शेजारचे आजोबा फाटकावरून डोकावून म्हणाले, कुठं निघालात? हे म्हणाले, आलो, आत्ताच पोचलो.

सूनबाई परत आल्यावर मी तिला म्हटलं, उद्या गाडी तूच ने गं, यांची कंबर धरलीय. ती म्हणाली, कंबर का? माझ्या ओळखीचा आहे कंबरेचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, वर मोठी, खाली बारीक. बुधवारी चाराची वेळ घेऊन ठेवलीय, महिना झाला घेऊन.

मग हे बाहेर आले. किल्ली तिच्यापुढे धरली. ती जरा उजवीकडे उभी होती, यांचा हात डावीकडे गेला. तिनं एक पाऊल सरकून किल्ली बरोबर हातातून घेतली, जशी आधीपासून तिथंच उभी होती. हे म्हणाले, क्लच हलका सोड, व्हॅनसारखा नको. ती म्हणाली, बरं, बाबा.

१५ तारीख, रविवार

दमले आहे, थोडंच लिहिते.

जाताना हे पुढं सूनबाईच्या शेजारी बसले. दीड तास यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. त्या बाजूचा गाडीचा तळ झिजला असेल. प्रत्येक वळणाला हं, आता, हळू, असं चाललेलं. सूनबाई एका शब्दानं उलटून बोलली नाही. एका उतारावर मात्र म्हणाली, बाबा, तुमचा ब्रेक जरा कमी दाबा, माझी गाडी थांबतेय. मी मागं तोंडाला पदर लावला.

धाकटीच्या घरात आवाज घुमत होता, इतकं रिकामं. भिंतींवर फोटोंचे चौकोन तेवढे राहिलेले. आम्ही दोघींनी यंत्र पुसलं. तिनं चाक फिरवलं, मी पायटा दाबला, कापडाशिवाय, दोऱ्याशिवाय, तसंच बराच वेळ चालवलं. ती म्हणाली, ताई, तू येशील ना मला भेटायला? मी म्हटलं, येईन की, आता मला गाडीतलं सगळं कळतं. विमानाचं तेवढं शिकायचं राहिलंय.

भंगारवाल्याला उद्या फक्त बादली मिळणार.

यंत्र मागच्या बाजूला आडवं बसलं, त्याच्या शेजारी मी. परत येताना यांचा हूं की चूं नाही. मी वाकून पाहिलं तर मान कलंडलेली, घोरत होते. बस चालवणारा माणूस दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत झोपत नाही, हे आजवर यांनीच मला शंभरदा सांगितलंय. सूनबाईनं आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तिला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार?

१८ तारीख, बुधवार

कंबरेच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर बाई आहेत, वयानं लहान, बोलायला गोड.

यांच्या आधी एक बाई तक्ता वाचत होत्या. दार अर्धं उघडं होतं, हे बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. मला वाटलं मनात प्रार्थना करतायत, बिचारे घाबरलेत. आत गेल्यावर यांनी तक्ता धडाधड वाचला, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. डॉक्टरबाई चकित. मग मला त्या प्रार्थनेचा अर्थ लागला. मी म्हटलं, डॉक्टर, आता यांना तेच उजवीकडून डावीकडे वाचायला सांगा.

वरचं एक अक्षर आलं. दुसऱ्याला अडले. हे माझ्याकडे असं बघत होते की भिंतीला भोक पडावं, फक्त मी दुसऱ्या बाजूला उभी होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. आता पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणाल्या, अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. दिरांचं सांगितलं तर त्यांनी नीट ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. यांनी विचारलं, नंतर गाडी? त्या म्हणाल्या, आधी दोन्ही होऊ द्या, मग पुन्हा तपासू, तेव्हाच सांगेन. खोटा धीर दिला नाही ते मला बरं वाटलं.

घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. फितूर म्हणाले एकदा, ते पण सूनबाईला उद्देशून.

२० तारीख, शुक्रवार

ऑपरेशनचा कागद भरून द्यायचा होता, उद्या सकाळी सूनबाई जाता जाता देणार. ती संध्याकाळच्या फेरीला गेलेली. हे कागद घेऊन खिडकीशी गेले, जवळ धरला, लांब धरला, तिरपा धरला. मग माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाले, तू वाच.

चौथी शिकलेल्या बाईनं वाचायचा कागद नव्हता तो. एकेका शब्दाला सहासहा अक्षरं, त्यात जोडाक्षरं. मी बोट ठेवून ठेवून वाचला, एका ठिकाणी अडखळले तर पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून. पूर्वी कधी मी यांना काही वाचून दाखवायला लागले की दुसऱ्या शब्दाला हातातून ओढून घ्यायचे. आज खुर्ची पुढं ओढून माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. चहा निवला. दोन्ही पानं वाचून व्हायला अर्धा तास लागला, म्हणजे ऑपरेशनइतकाच.

कळलं का सगळं, मी विचारलं. कळलं म्हणाले, तू वाचलंस म्हणजे कुणालाही कळेल.

मग सहीची जागा. कुठं करू? मी रेषेवर बोट ठेवलं, इथं, माझ्या बोटाच्या वर. त्यांनी एका हातानं माझं बोट चाचपलं आणि दुसऱ्यानं सही केली, तीच ती बस डेपोतली, शेपटीला वेलांटी दिलेली. अर्धी कागदावर आली, अर्धी माझ्या नखावर.

कागदावरची चालेल म्हणाली सूनबाई. नखावरची राहू दिली आहे, आज भांडी तिला घासायला सांगते.